मंद प्रकाशातील कीटक आणि छोटा कॅमेरा : निवड कशी करावी?

कीटकांचा बराचसा व्यवहार सूर्य मावळल्यानंतर सुरू होतो. वळवाचा पहिला पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून बाहेर पडून कडुनिंब व बाभळीवर जमतात. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचे पतंग रात्री उडतात. मक्यावरील लष्करी अळी दिवसभर पोंग्याच्या अंधारात दडून राहते आणि सायंकाळी वा पहाटे वर येते. पिकांचे सर्वेक्षण करणाऱ्यास जे टिपायचे असते ते असे प्रकाशाच्या कडेला घडते. परिणामी निदानासाठी येणारी अनेक छायाचित्रे अंधुक, हललेली किंवा दाणेदार असतात.

हा प्रश्न केवळ छायाचित्राच्या सौंदर्याचा नाही. स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा या नव्या लष्करी अळीची भारतातील पहिली नोंद मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा परिसरात मक्यावर झाली. त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही आढळली. या अळीच्या डोक्यावर उलट्या ‘वाय’ अक्षरासारखी फिकट खूण असते आणि पोटाच्या आठव्या खंडावर चार ठळक ठिपके चौरसाकृती मांडलेले असतात. केवळ उलट्या ‘वाय’वर विसंबून चालत नाही, कारण तशी पुसट खूण इतर काही अळ्यांच्या डोक्यावरही दिसते. दोन्ही खुणा एकत्र पाहाव्या लागतात. छायाचित्रात त्या वाचता आल्या तर निदान होते, न आल्यास उरतो तो अंदाज. अळी लहान असताना, पोंग्यात औषध पोहोचेल अशा रीतीने केलेली फवारणी उपयोगी पडते. अंदाज बांधण्यात आठवडा गेला तर अळी मोठी होते, पोंगा विष्ठेने भरतो आणि फवारणीचा खर्च वाया जातो. म्हणून सर्वेक्षणासाठी कॅमेरा निवडताना विचारायचा प्रश्न एकच आहे : कमी उजेडात किडीची ओळखखूण वाचता येईल का?

परीक्षेची जागा : शिवाजीनगरचा बाजार

बेंगळुरूच्या हेब्बाळ भागात भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो आहे. कीटकांची ओळख पटविण्याच्या कामात या संस्थेचा आधार घेतला जातो. त्याच शहराच्या जुन्या छावणी भागात शिवाजीनगर वसले असून तेथे १९२७ साली उभारलेली रसेल मार्केटची वास्तू आहे. छताखाली भाजी, फळे व फुलांचे दाटीने मांडलेले गाळे आणि त्यांवर टांगलेले दिवे, असे या बाजाराचे रूप आहे. बाहेर लख्ख ऊन असले तरी आतल्या गाळ्यांत उजेड बेताचाच असतो.

कॅमेऱ्याची पारख करण्यासाठी अशी जागा दुकानाच्या झगमगत्या काउंटरपेक्षा चांगली. भोकाची खूण असलेले वांगे, देठाजवळ टाचणीएवढे छिद्र पडलेला टोमॅटो, पिठ्या ढेकणाने पांढरे झालेले सीताफळ अशा नमुन्यांची येथे वानवा नसते. शिवाय येथील प्रकाश कमी, रंगीत आणि लुकलुकणारा असल्यामुळे कॅमेऱ्याच्या साऱ्या उणिवा उघड्या पडतात. शिवाजीनगरला जाणे प्रत्येकास शक्य नसले तरी प्रत्येक तालुक्याच्या गावी छताखालची एखादी मंडई असतेच.

प्रकाशाचे प्रमाण ध्यानात घेतल्यास अडचण समजते. दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. दिवा लावलेल्या गाळ्यात तो साधारण २०० लक्स, म्हणजे पाचशे पटीने कमी भरतो. तिन्हीसांज संपताना उघड्या शिवारात जेमतेम ३ लक्स उरतात. मानवी डोळा या बदलाशी नकळत जुळवून घेतो, त्यामुळे प्रकाश किती घटला याची जाणीव होत नाही. कॅमेऱ्याला मात्र त्याची पुरेपूर किंमत मोजावी लागते.

पर्जन्यमापक आणि घंगाळ

कॅमेऱ्याच्या जाहिरातीत मेगापिक्सेलचा आकडा ठळक असतो. मंद प्रकाशात त्याहून महत्त्वाचे असते ते प्रकाशसंवेदकाचे, म्हणजे सेन्सरचे, क्षेत्रफळ. याचे कारण पावसाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. एका रात्री १० मि.मी. पाऊस पडला, तर पर्जन्यमापकात १० मि.मी. नोंद होते आणि अंगणातल्या सरळ काठाच्या घंगाळातही पाण्याची उंची १० मि.मी.च भरते. परंतु घंगाळाचे तोंड मोठे असल्याने त्यात जमलेले एकूण पाणी कितीतरी अधिक असते. प्रकाशाचेही तसेच आहे. अ‍ॅपर्चर आणि शटरचा वेग सारखा ठेवला तर लहान व मोठ्या सेन्सरवर पडणाऱ्या प्रकाशाची ‘उंची’ सारखीच असते. मोठ्या सेन्सरवर जमणारा एकूण प्रकाश मात्र जास्त असतो.

हा फरक चित्रात दिसतो, कारण प्रकाशही पावसाप्रमाणे थेंबाथेंबाने येतो. मोजकेच थेंब पडले तर शेजारी शेजारी ठेवलेल्या वाट्यांत कमी-जास्त पाणी जमते. छायाचित्रातील दाणेदारपणाचा मोठा भाग अशाच विषमतेतून येतो. एकूण प्रकाश चौपट झाला की चित्राचा संकेत आणि त्यातील गोंधळ यांचे गुणोत्तर दुप्पट सुधारते.

खिशात मावणाऱ्या साध्या कॅमेऱ्यांत १/२.३ इंची वर्गाचा सेन्सर असतो. त्याचे माप सुमारे ६.२ × ४.६ मि.मी., म्हणजे क्षेत्रफळ २८ चौ.मि.मी. असते. ‘एक इंची’ म्हणून ओळखला जाणारा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मि.मी., म्हणजे ११६ चौ.मि.मी.चा असतो. हे नाव जुन्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांतील नलिकेच्या बाह्य व्यासावरून आले आहे; त्यावरून सेन्सर खरोखर एक इंचाचा आहे असा समज करून घेऊ नये. तरीही पहिल्याच्या तुलनेत तो चौपट मोठा असतो. एपीएस-सी वर्गाचा सेन्सर सुमारे ३६६ चौ.मि.मी.चा, म्हणजे साध्या सेन्सरच्या तेरापट असतो.

आयएसओच्या मोठ्या आकड्याने भुलून जाऊ नये, याचेही कारण येथेच आहे. आयएसओ वाढविल्याने पाऊस वाढत नाही. जमलेले थोडे पाणी मोठे करून दाखविले जाते, आणि त्याबरोबर त्यातील विषमताही मोठी दिसते.

भिंगाचे तोंड

सेन्सर मोठा असला तरी भिंगातून प्रकाश पुरेसा आत यावा लागतो. भिंगावरील एफ-अंक जितका लहान, तितका आत येणारा प्रकाश जास्त. एफ/१.८ वर एफ/२.८ च्या सुमारे अडीचपट प्रकाश मिळतो. छोट्या कॅमेऱ्यांच्या वेष्टनावर ठळक छापलेला अंक मात्र बहुधा विशालकोनाचा, म्हणजे झूम न करता मिळणारा असतो. झूम केल्यावर भिंगाचे तोंड अरुंद होत जाते. सोनी आरएक्स-१०० या २०१२ सालच्या मूळ एक इंची कॅमेऱ्याचे भिंग एफ/१.८ वर सुरू होऊन झूमच्या टोकाला एफ/४.९ होते. कॅनन जी-७ एक्स मार्क-२ या २०१६ सालच्या कॅमेऱ्यात हाच प्रवास एफ/१.८ ते एफ/२.८ इतका मर्यादित आहे.

याचा परिणाम बाजारातल्या गाळ्यात मोजता येतो. २०० लक्स उजेडात, आयएसओ ८०० ठेवून, एफ/१.८ वर शटरचा वेग सेकंदाच्या सुमारे १/२०० भाग मिळतो. त्याच उजेडात एफ/४.९ वर तो १/२५ वर येतो. पहिल्या वेगाला हातातला कॅमेरा स्थिर राहतो आणि संथ चालणारी अळीही गोठून दिसते. दुसऱ्या वेगाला कॅमेऱ्यातील स्थिरीकरणामुळे वांगे स्पष्ट येईल, पण त्यावरून चालणारी मुंगी येणार नाही. स्थिरीकरण छायाचित्रकाराच्या हाताचा कंप रोखते. कीटकाची हालचाल किंवा वाऱ्याने डोलणारे पान त्याच्या आवाक्यातले नसते.

अंधार दोन प्रकारचा

येथवरचे विवेचन वाचून मोठा सेन्सर आणि मोठ्या तोंडाचे भिंग घ्यावे, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. कीटकांच्या बाबतीत तो अर्धाच खरा आहे. तिन्हीसांजेच्या ३ लक्स उजेडात एफ/१.८ चे भिंग आणि आयएसओ ३२०० वापरूनही शटरचा वेग १/१२ च्या पुढे जात नाही. फांदीवर जमणारे भुंगेरे इतक्या संथ वेगात टिपले जात नाहीत. त्यात जवळून छायाचित्र घेताना आणखी एक अडचण उभी राहते. कीटक चौकटीत जितका मोठा, तितका स्पष्टतेचा पट्टा अरुंद. एफ/१.८ वर अळीचे डोके स्पष्ट आले तर आठवा खंड धूसर होतो. दोन्ही खुणा एकाच चित्रात हव्या असतील तर भिंगाचे तोंड लहान करावे लागते, आणि तसे केले की प्रकाश आणखी घटतो.

यासाठी अंधाराचे दोन प्रकार वेगळे करावेत. पहिला अंधार आपल्याला उजळता येत नाही : संपूर्ण झाडावरील भुंगेऱ्यांची गर्दी, प्रकाश सापळ्याचा परिसर, बाजारातील अख्खा गाळा. येथे मोठा सेन्सर व मोठ्या तोंडाचे भिंग यांना पर्याय नाही. दुसरा अंधार हातभर अंतरावरचा असतो : पोंग्यातील अळी, पानामागील अंडीपुंज, डोमकळीच्या पाकळ्या उलगडल्यावर दिसणारी बोंडअळी. येथे प्रकाश आपण स्वतः नेऊ शकतो. एकदा प्रकाश नेला की सेन्सरच्या आकाराचे महत्त्व कमी होते. कॅमेरा किती जवळून केंद्रित होतो याचे महत्त्व वाढते.

ऑलिंपस टफ मालिकेतील टीजी-५ आणि टीजी-६ हे याचे बोलके उदाहरण आहेत. त्यांचा सेन्सर १/२.३ इंची वर्गाचा, म्हणजे लहानच आहे. परंतु सूक्ष्मदर्शक मोडमध्ये ते भिंगापासून १ सें.मी. अंतरावरील वस्तूवर केंद्रित होतात, वेगवेगळ्या खोलीवरील अनेक चित्रे एकत्र करून एक स्पष्ट चित्र बनवितात आणि पाण्या-चिखलाला दाद देत नाहीत. भिंगाभोवती बसविता येणारे प्रकाशवलयही त्यांना मिळते. बाजाराचा गाळा टिपण्यात एक इंची कॅमेरा त्यांना मागे टाकील. टोमॅटोवरचे टाचणीएवढे छिद्र टिपण्यात बहुधा तेच पुढे राहतील. उलट रिको जीआर-३ मध्ये एपीएस-सी सेन्सर असून परिसराची छायाचित्रे तो उत्तम घेतो. पण २८ मि.मी. समतुल्य विशालकोनाचे एकच भिंग असल्याने लहान कीटक चौकटीत छोटा दिसतो.

मिलिमीटरला किती पिक्सेल?

जवळून केंद्रित होण्याची क्षमता आकड्यांत तपासता येते. २० मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात चित्राच्या रुंदीत सुमारे ५,४७० पिक्सेल असतात. चौकटीत ३०० मि.मी. रुंदीचा भाग मावत असेल तर प्रत्येक मिलिमीटरच्या वाट्याला १८ पिक्सेल येतात. पूर्ण वाढलेल्या लष्करी अळीचे डोके सुमारे अडीच मि.मी. रुंद असते, त्यास ४५ पिक्सेल मिळतात. मंद प्रकाशातील दाणेदारपणात एवढ्या पिक्सेलमधून उलटा ‘वाय’ वाचणे कठीण. तीच चौकट ६० मि.मी. रुंदीची केली तर डोक्याला सव्वादोनशेच्या आसपास पिक्सेल मिळतात आणि खूण नि:संशय दिसते.

म्हणून माहितीपत्रकात किमान केंद्रण-अंतर पाहावे, आणि तेही दोन्ही टोकांचे. अनेक एक इंची कॅमेरे विशालकोनात ५ सें.मी. पर्यंत जवळ जातात, पण झूमच्या टोकाला त्यांना ३० ते ५५ सें.मी. अंतर लागते. विशालकोनात अगदी जवळ गेले की कॅमेऱ्याचीच सावली कीटकावर पडते आणि कीटक उडूनही जातो. अशा कॅमेऱ्यावर पुढून बसविता येणारे जोडभिंग लावल्यास झूम ठेवूनही जवळचे केंद्रण साधते.

दिवा कसा न्यावा?

फ्लॅशचा प्रकाश थेट पडला तर भुंगेऱ्यांच्या गुळगुळीत पंखावरणावर पांढरा डाग उमटतो आणि पृष्ठभागाची रचना झाकली जाते. फ्लॅशपुढे बटर पेपर किंवा दुधी रंगाचा पातळ प्लॅस्टिकचा तुकडा धरल्यास प्रकाश पसरून मऊ होतो. कमी शक्तीवर फ्लॅशचा झोत अतिशय अल्पकाळ टिकत असल्याने हालचालही गोठविली जाते. केंद्रण साधण्यासाठी लाल कागद लावलेली विजेरी वापरावी. बहुतेक कीटकांना लाल रंग फारसा जाणवत नाही, त्यामुळे ते कमी बिचकतात.

प्रकाश सापळ्यावर वेगळी दक्षता लागते. पांढऱ्या पडद्यामुळे कॅमेऱ्याची स्वयंचलित मोजणी फसते आणि पतंग काळपट येतात. प्रकाशभरपाई एका अंकाने वाढविल्यास सुधारणा होते. अतिनील दिव्याखाली रंग निळे-जांभळे दिसतात. रंगसंतुलनासाठी साधा पांढरा कागद वापरू नये, कारण कागदातील उजाळा देणारी द्रव्ये अतिनील प्रकाशात स्वतःच निळसर चमकतात. त्याऐवजी करडे कार्ड ठेवावे. रंग हा निदानाचा भाग असल्याने कच्च्या, म्हणजे ‘रॉ’, स्वरूपात चित्र साठविण्याची सोय असणे आवश्यक आहे. रंगातील चूक नंतर दुरुस्त करता येते.

मोबाइलच्या ‘रात्र’ मोडबाबतही सावध राहावे. हा मोड लागोपाठ घेतलेली अनेक चित्रे एकत्र करतो. वस्तू स्थिर असल्यास परिणाम चांगला मिळतो, परंतु चालणाऱ्या कीटकाचे पाय पुसले जातात. दाणे काढून चित्र धारदार करण्याच्या प्रक्रियेत बारीक केस व ठिपके गुळगुळीत होण्याचीही शक्यता असते. निदानात नेमके तेच हवे असतात.

गाळ्यासमोरील पाच कसोट्या

कॅमेरा नवा असो वा वापरलेला, पैसे देण्यापूर्वी पुढील कसोट्या घ्याव्यात. शिवाजीनगरच्या बाजारात किंवा गावच्या मंडईत त्यांना अर्ध्या तासापेक्षा अधिक वेळ लागत नाही. गाळेवाल्याची परवानगी मात्र आधी घ्यावी.

१. पोखरलेल्या वांग्याशेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून, झूमच्या दोन्ही टोकांना शक्य तितक्या जवळून चित्र घ्यावे. चौकटीत किती मिलिमीटर मावतात ते मोजावे.

२. आयएसओ ४००, ८००, १६०० व ३२०० वर तेच चित्र पुन्हा घ्यावे. पट्टीवरील बारीक रेघा ज्या आयएसओपर्यंत वाचता येतात, ती त्या कॅमेऱ्याची खरी मर्यादा.

३. गाळ्याच्या दिव्याखाली १/५०, १/१०० आणि १/५०० या वेगांवर चित्रे घ्यावीत. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने अनेक दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. वेगवान शटरवर चित्रात आडवे पट्टे येत असल्यास १/१०० किंवा १/५० वर काम करावे लागेल.

४. गाळ्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यातील गडद वस्तूवर केंद्रण करून पाहावे. स्वयंकेंद्रण चाचपडत असेल तर हाताने केंद्रण करण्याची सोय आणि स्पष्ट कडा रंगाने दाखविणारी सुविधा आहे का, हे तपासावे.

५. वापरलेल्या कॅमेऱ्याने लहान अ‍ॅपर्चरवर पांढऱ्या भिंतीचे चित्र घ्यावे. सेन्सरवरील धूळ ठिपक्यांच्या रूपाने दिसते. बॅटरी फुगलेली असल्यास ती बदलण्याचा खर्च हिशेबात धरावा.

खरेदीपत्रकात काय लिहावे?

संस्थांच्या खरेदीत ‘किमान अमुक मेगापिक्सेल’ एवढीच अट लिहिली, तर लहान सेन्सरचा कॅमेराही ती सहज पूर्ण करतो. त्याऐवजी सेन्सरचे माप मिलिमीटरमध्ये, झूमच्या दोन्ही टोकांचा एफ-अंक, दोन्ही टोकांचे किमान केंद्रण-अंतर, कच्च्या स्वरूपातील चित्रे, हाताने नियंत्रण आणि जोडप्रकाशाची सोय या बाबी नमूद कराव्यात. प्रकाश सापळा व परिसराचे चित्रण हे मुख्य काम असेल तर एक इंची किंवा त्याहून मोठा सेन्सर आणि झूमवरही एफ/२.८ राखणारे भिंग मागावे. अळी, अंडीपुंज व लहान कीटकांची ओळख हे मुख्य काम असेल तर १ ते ३ सें.मी. केंद्रण-अंतर आणि प्रकाशवलय यांना अग्रक्रम द्यावा. एकच कॅमेरा घेणे शक्य असेल तर आपल्या नोंदवहीत गेल्या हंगामात कोणत्या प्रकारच्या छायाचित्रांची गरज अधिक पडली, हे मोजून ठरवावे.

छायाचित्राची मर्यादाही लक्षात ठेवावी. अनेक पतंगांच्या जातींची खात्री जननेंद्रियांच्या विच्छेदनाशिवाय होत नाही. म्हणून चित्राबरोबर दिनांक, ठिकाण, पीक व यजमान वनस्पतीचा भाग यांची नोंद करावी आणि शक्य तेथे अळीचा नमुना ७० टक्के अल्कोहोलमध्ये जतन करावा. चांगले चित्र नमुन्याची जागा घेत नाही. पण कोणता नमुना तातडीने तपासायचा, हे ते सांगते. पोंग्यात अळी लहान असताना मिळालेले असे एक स्पष्ट चित्र योग्य वेळची एक फवारणी साधू शकते आणि नंतरच्या निष्फळ फवारण्यांचा खर्च वाचवू शकते.